केसभर कमी

डोंबिवली (पूर्व), रविवार, १२ नोव्हेंबर १९९५

परशा,

नऊ वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करावी ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पत्ता विश्रामकडून मिळवला. तू खडवलीला शेतीचे पंप दुरुस्त करतोस आणि रबराची सीलं अजून त्याच्याच कारखान्यातून नेतोस, हे त्याने मला मी तीनदा खोदून विचारल्यावर सांगितलं. डोंबिवलीहून खडवली म्हणजे तासाभराची वाट. एवढ्याशा अंतरासाठी मी टपालखात्याला मध्ये घालतोय, त्यावरून माझ्या धाडसाची कल्पना तुला येईलच.

निमित्त असं झालं. वागळे इस्टेटमधल्या आपल्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेला जानेवारीत पंचवीस वर्षं होतायत. स्मरणिका निघणार आहे, आणि तीत ‘खाडी पंपाचे जनक’ म्हणून माझा सत्कार छापणार आहेत. हसू आलं तर हस. पंप कसा सुचला यावर दोन पानं लिहून द्या म्हणाले. मी चार संध्याकाळी बसलो. ‘मला सुचलं’ असं लिहिलं की पुढचं वाक्यच होईना, कारण पुढच्या प्रत्येक वाक्यात दुसरंच कुणीतरी यायचं.

त्र्याऐंशी साल आठव. तुझ्या वडिलांच्या, धाकूबाबांच्या, होडीचं इंजिन दर महिन्याला तापून बंद पडायचं. इंजिन गार ठेवायला पंप खाडीचं पाणी ओढायचा आणि पाण्याबरोबर चिखल. चिखलाने शाफ्ट घासला जायचा, त्याच्याभोवतीचं रबरी सील फाटायचं, की पाणी बंद. तू तेव्हा लेथवर टर्नर होतास आणि मी समोरच्या कारखान्यात टेबलावर वाकून ड्रॉइंगं काढणारा ड्राफ्ट्समन. एका शुक्रवारी तू तो फाटका पंप वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आलास.

ते शुक्रवार! साऱ्या जगाला रविवार आणि आपल्याला वीजकपातीच्या कृपेने शुक्रवारची सुट्टी. बायकापोरं शाळा-कचेरीत, त्यामुळे घरी करमायचं नाही, आणि आपण सगळे पुन्हा गल्लीतच. गणूच्या हॉटेलामागे खोक्यांच्या फळ्यांचं ते टेबल. यंत्रं बंद, त्यामुळे माणसांचे खरे आवाज ऐकू यायचे. फाउंड्रीवाला काळुराम इतक्या हळू बोलतो हे मला शुक्रवारीच कळलं. आणि तिथला तो कायदा, कुणी केला देव जाणे: बिघडलेली वस्तू टेबलावर ठेवायची, बाकीच्यांनी बोलायचं, आणि ज्याने ती केली त्याने तोंड उघडायचं नाही.

तुझा पंप काळुरामने हातात घेतला, आत बोट घातलं आणि म्हणाला, “अरे, याच्या पोटात चिखलाला बसायला जागाच नाय ठेवली कोणी.” पुढच्या आठवड्यात त्याच्या फाउंड्रीतून खालच्या अंगाला खळगा असलेलं कास्टिंग आलं. विश्राम म्हणाला एका सीलने भागणार नाही, दोन घाला, मध्ये ग्रीस भरा. भिवा म्हणाला शाफ्टवर कडक क्रोम चढवू, मग घासू दे किती घासायचं ते. एका शुक्रवारी खुद्द धाकूबाबा आले. त्यांनी चहा घेतला नाही, पंप उलटासुलटा केला आणि म्हणाले, “तोंड फुडं कशाला केलाव? फुडनं चिखोलच येनार. मागं वलवा.” आम्ही शिकलेल्या माणसांनी पुढच्या कास्टिंगला मुकाट तोंड मागे वळवलं.

चार वेळा होडीवर बसवला, चार वेळा उतरवला. सायकलच्या कॅरिअरला बांधून कास्टिंग काळुरामकडून तुझ्याकडे, शाफ्ट तुझ्याकडून भिवाकडे, जिथे जाऊ तिथे चहा आणि चहाबरोबर एक दुरुस्ती. पाचवा पंप अख्खा हंगाम चालला. त्या दिवशी तुझ्या आईने, जनीमावशींनी, मासळीची पाटी डोक्यावरून उतरवून मला समोर बसवून बोंबलाचं कालवण वाढलं. घरी गेल्यावर माझ्या बायकोला, उत्तराला, वास आला. दुसऱ्या दिवशी नुसतं म्हणाली, “आज घरी जेवणार ना?”

मी काय केलं? जे तुम्ही सगळे बोललात ते कागदावर उतरवलं, खाली कोपऱ्यात माझं नाव लिहिलं. एवढंच. हे स्मरणिकेत कसं लिहू ते सांग. उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

त्र्यंबक


डोंबिवली, रविवार, १९ नोव्हेंबर १९९५

परशा,

तुझं उत्तर नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं. तरी लिहितो, कारण गेल्या पत्रात मी गोड तेवढं सांगितलं आणि नेमका जिथे थांबायला नको तिथे थांबलो.

चौऱ्याऐंशीला आपण दोघांनी भागीत शेड घेतली. कोळीवाड्यात पंप जायला लागले. शहाऐंशीला त्या इंजिन कंपनीची ऑर्डर आली, तीनशे पंपांची, आणि माझं डोकं फिरलं. कंपनीच्या एका माणसाने सांगितलं, ड्रॉइंग सांभाळा, तुमच्या त्या गल्लीत उद्या कुणीही नक्कल करेल. मला ते पटलं. मी ड्रॉइंगचे पाच कागद केले. काळुरामला कास्टिंगचा, विश्रामला सीलचा, भिवाला क्रोमचा, तुला शाफ्टचा, आणि जुळणीचा माझ्याकडे. ज्याला त्याला आपलाच कागद, दुसऱ्याचा बघायचा नाही. आणि शुक्रवारी टेबलावर पंप ठेवायचा नाही. किती हुशारी वाटली होती मला तेव्हा!

आता शाफ्टचं. तू शाफ्ट नेहमी ड्रॉइंगपेक्षा केसभर कमी काढायचास. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. क्रोम चढलं की शाफ्ट तेवढा जाड होतो, म्हणून आधीच तेवढा बारीक ठेवायचा, हे तू आणि भिवाने कधीतरी गणूच्या हॉटेलात ठरवलं होतं. ते तुमच्या बोलण्यात होतं, कागदावर कधी आलंच नाही. कंपनीच्या तपासनिसाने मोजमाप घेतलं आणि म्हणाला, टर्नर ड्रॉइंगप्रमाणे काम करत नाही. मला सगळ्यांसमोर लाज वाटली.

“ड्रॉइंगवर आहे तेवढाच काढ,” मी तुला म्हटलं.

“अरे, क्रोम चढल्यावर फुगेल तो. भिवाला विचार की.”

“भिवाला विचारायचं काही कारण नाही. ड्रॉइंग मी काढलंय.”

तू तसेच काढलेस. पहिले शंभर. सील बसवताना तुझ्या हाताला कळलं की ते घट्ट बसतंय. मग पुढच्या शुक्रवारी तू पंप उचललास आणि सरळ टेबलावर नेऊन ठेवलास. मी मागाहून आलो. काळुराम, भिवा, विश्राम, सगळे वाकून बघत होते. आणि मी काय बोललो ते तुला आठवतंच, पण मला ते स्वतःच्या हाताने लिहायला हवं. मी म्हणालो, “परशा, हा मासळीबाजार नाही. धंद्याच्या गोष्टी अशा पाटीत घालून मांडायच्या नसतात.”

पाटी म्हटलं मी. ज्या बाईच्या पाटीतलं मी खाल्लं होतं तिच्या मुलाला.

तू कुणाला काही बोलला नाहीस. पंप उचलून माझ्या हातात दिलास आणि गेलास. त्यानंतर भागी मोडली, लॉट रवाना झाला, दोन महिन्यांत सीलं जळून पंप परत आले. पुढे कशीबशी ऑर्डर वाचली. जनीमावशी वारल्या तेव्हा मी तुमच्या कोपरीच्या पुलापर्यंत आलो होतो, तिथूनच परत फिरलो.

माफ कर, हा शब्द लिहून बघितला. फारच स्वस्त दिसतोय.

त्र्यंबक


डोंबिवली, रविवार, २६ नोव्हेंबर १९९५

परशा,

मागचं पत्र टाकण्याआधी मी ते उत्तराला वाचायला दिलं नव्हतं. काल तिला सांगितलं की तुला सगळं लिहून मोकळा झालो. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “सगळं? की कशीबशी ऑर्डर वाचली, एवढंच?”

घरी-दारी मी नेहमी हेच सांगत आलोय. पत्रातही तेच वाक्य होतं. माझी अक्षरं तिला न वाचता वाचता येतात.

तेव्हा आता ते. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये कंपनीने विचारलं, चूक कुणाची? ड्रॉइंगची असेल तर ऑर्डर रद्द. कारागिराची असेल तर कारागीर बदला आणि उरलेले दोनशे द्या. केसभराचं तुमचं ते ठरलेलं मी तोवर भिवाकडून, कारण न सांगता, काढून घेतलं होतं. ड्रॉइंगमध्ये क्रोमचा हिशेब नव्हता. चूक माझी होती, माझ्या नावाच्या कोपऱ्यासकट. आणि मी कंपनीला लिहिलं: ‘सदर दोष आमचे माजी टर्नर परशुराम यांच्या निष्काळजी कामामुळे झाला असून त्यांना कामावरून दूर करण्यात आले आहे.’

हे पत्र उत्तराने टाइप केलं. ती कचेरीत टायपिस्ट, मी नेहमी तिच्याकडूनच करून घ्यायचो. शेवटच्या ओळीला थांबली होती. “हे खरं आहे ना?” विचारलं तिने. मी हो म्हटलं. काल मी तिला नाही म्हटलं. ती उठून आत गेली, भाजी तशीच राहिली. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा म्हणाली, “माझ्या बोटांनी करवलंत हो तुम्ही ते.”

मी स्वतःला नऊ वर्षं समजावत आलो की ते गल्लीसाठी केलं. काळुरामने त्याच वर्षी नवी भट्टी घातली होती, विश्रामने दोन माणसं वाढवली होती, ऑर्डर गेली असती तर सगळे बसले असते. यातलं खोटं काही नाही. पण ड्रॉइंग चुकलं असं लिहून, दुरुस्त करून द्यायला आठ दिवस मागितले असते तर कंपनीने कदाचित दिलेही असते. मी विचारलंच नाही. ड्रॉइंगवर माझं नाव होतं म्हणून विचारलं नाही.

आणि तो पंप त्यानंतर जसा होता तसाच राहिला, परशा. आठ वर्षांत एक सुधारणा नाही. आपापल्या कागदापुरतं बघणारी माणसं चांगलं काम करतात, पण कुणी काही सुचवत नाही. शुक्रवारी टेबलाशी लोक बसायचे, क्रिकेटवर बोलायचे. गेल्या वर्षी कंपनीने दुसरीकडचा पंप घेतला. त्याचंही तोंड, धाकूबाबांनी सांगितलं होतं तसं, मागे वळवलेलं आहे.

येत्या शुक्रवारी मी ते पत्र टेबलावर ठेवणार आहे. कार्बन कॉपी आहे माझ्याकडे.

त्र्यंबक


डोंबिवली, शनिवार, २ डिसेंबर १९९५

परशा,

ठेवलं. शाफ्ट ठेवला, ड्रॉइंग ठेवलं, पत्राची कॉपी ठेवली. झालं ते चार वाक्यांत सांगितलं आणि कायद्याप्रमाणे गप्प बसलो. इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे.

विश्रामने पत्र मोठ्याने वाचलं. काळुरामने चहा अर्धा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं आता शिव्या येणार. शिव्या आल्या, पण नंतर. आधी भिवा बोलला. तो आता थकलाय, दम लागतो. म्हणाला, “नऊ वर्षं मी समजत होतो का माझं क्रोम जाड बसलं. म्हणून मी शाफ्टचं काम घ्यायचंच सोडलं.” मग विश्राम म्हणाला, त्याला वाटत होतं रबराचा तो घाणा कच्चा राहिला. आणि काळुरामला वाटत होतं की त्याच्या कास्टिंगचं भोक वाकडं गेलं. प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःला दोष देत आला होता आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कारण मी विचारायची बंदी केली होती.

मग काळुराम वळला. हळू आवाजात जे काय बोलायचं ते बोलला. ते मी लिहीत नाही, पण एकही शब्द वावगा नव्हता.

स्मरणिकावाल्यांना मी कळवलंय की सत्कार नको, आणि दोन पानांऐवजी हेच सगळं लिहून दिलंय. छापतील न छापतील. गल्लीला आता खरं काय ते माहीत आहे. उशीर झाला हे मला कळतं.

त्र्यंबक


खडवली, १० डिसेंबर १९९५

त्र्यंबक,

तुझी चारी पत्रं मिळाली. माझ्या बायकोने, सगुणाने पण वाचली. ती म्हणाली उत्तर देऊ नका, तीन दिवसांनी म्हणाली द्या.

तू कंपनीला लिहिलेलं पत्र मी तेव्हाच बघितलेलं. आमच्या कोपरीच्या आठ होड्यांना त्याच लॉटचे पंप बसवलेले, बाबाच्या शब्दावर. ते जळले तेव्हा कंपनीचा माणूस बदलून द्यायला आलेला. त्याने जेटीवर सगळ्यांच्या समोर तुझं पत्र वाचून दाखवलं. मी तिथेच उभा होतो.

मी बोललो असतो तर भिवाने माझी बाजू घेतली असती. मग ऑर्डर गेली असती. काळुरामची भट्टी मी बघून आलेलो, अजून ओली होती. म्हणून मी नाय बोललो. तुझ्यासाठी नाय, हे लक्षात ठेव.

तू लिहितोस मासळीबाजार बोलल्यामुळे मी गेलो. त्याचा राग आला, पण त्याच्यासाठी कोण गाव सोडतो का रे? आई रोज त्याच्यापेक्षा जास्त ऐकून घरी यायची. मी गेलो कारण त्या दिवशी जेटीवरून घरी आल्यावर बाबा बोलला, आठ घरांत मी तुझ्या हाताची जबान दिली, तू मना खोटा पाडलास, आता या घरात पाय नको ठेवू. त्याला मी खरं सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी तुझ्या शेडवर आला असता आणि गल्लीभर झालं असतं. म्हणून त्याला पण नाय बोललो. आई गेली तेव्हा मी आलेलो, त्याने माझ्याशी बोलणं केलं नाय.

गल्लीला सांगितलंस, बरं केलंस. मला सांगायची गरज नव्हती, मला माहीत होतं. ज्याला माहीत नाय तो कोपरीला आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला. पुलापर्यंत येऊन परत फिरू नको.

परशुराम


कोपरी, शुक्रवार, १५ डिसेंबर १९९५

परशा,

हे पत्र मी तुमच्या ओटीवर बसून लिहितोय. कागद तुझ्या पुतणीच्या वहीतला आहे.

सकाळी आलो. धाकूबाबा जाळं विणत बसले होते, आता होडी नाही तरी विणतात. मला ओळखलं, बस म्हणाले. मी पायाशी बसून बोलायला सुरुवात केली. घरून पाठ करून आलो होतो, हळू, व्यवस्थित. सगळं बोलून झालं तर ते म्हणाले, “काय बोललास? मना ऐकाय नाय आला.”

मग पुन्हा. जोराने. तरी नाही. तिसऱ्यांदा मी अक्षरशः ओरडलो, “पंप माझ्यामुळे जळले, बाबा! परशाची चूक नव्हती! मी खोटं लिहिलं!” शेजारच्या ओटीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. समोरून दोघे-तिघे आले. ज्यांच्या होड्यांना ते पंप होते त्यांच्यातलाच एक होता. त्याने विचारलं, “काय काय?” आणि मला चौथ्यांदा ओरडून सांगावं लागलं. अख्ख्या आळीने ऐकलं. घाम आला मला डिसेंबरात.

धाकूबाबांनी जाळं मांडीवरून बाजूला सारलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि विचारलं, “तेला ठावा होता?”

हो म्हटलं. मान हलवूनच, म्हणजे ऐकू यायचा प्रश्न नको.

“आनि तो नऊ वर्सा गप ऱ्हायला.”

मग ते रडले, परशा. तुला कळवू की नको हा प्रश्न मला पडला, पण आता काहीच लपवायचं नाही असं ठरवलंय. त्यांच्या सुनेने पाणी आणून दिलं ते त्यांनी घेतलं नाही. मला म्हणाले, तू आमच्या दारी जेवायचास. एवढंच म्हणाले. यापुढे मला कुणी काहीही बोललं तरी हे एवढंच मला पुरेल.

आत्ताच्या आत्ता खडवलीला ने म्हणत उठलेच होते. सगळ्यांनी मिळून बसवलं, थंडी आहे, दमाल, आधी त्याला कळू दे. म्हणून रविवार, २४ तारीख ठरली. सकाळच्या कसारा गाडीने मी त्यांना घेऊन येतो. मला दारात घेतलं नाहीस तरी हरकत नाही, मी स्टेशनवर बसेन, संध्याकाळी परत न्यायला कुणीतरी लागेलच.

मी हे लिहितोय तर ते शेजारी बसून विचारतायत काय लिहिलंस. मी वाचून दाखवलं. बरंचसं ऐकू आलं नसावं. आता म्हणतायत, माझा बी लिव. ते सांगतील तसं लिहितो:

“परशा, मना आता कानानं कमी येतं. तू लहानपनापासून हलू बोलतंस. मी आल्यावं मोठ्यानं बोलाचा. नऊ वर्सांचा बोलाचा हाय.”